पडदे नसलेलं घर

कारकुनाने कापडी पिशवी काउंटरवर ठेवली आणि रजिस्टर तिच्याकडे फिरवलं.

"सही करा ताई. आतलं सामान आधी बघून घ्या, मागाहून आमच्या नावाने ओरडायचं नाही. डबा मी धुऊन ठेवलाय."

पिशवीच्या अस्तरावर लाल दोऱ्याने तिचा फोन नंबर काढलेला होता. सातचा आकडा आईच्या पद्धतीचा, मध्ये आडवी रेघ असलेला. त्याच नंबरावर काल बस डेपोतून फोन आला होता. तिने सही केली नाही.

"पिशवी आईचीच आहे," ती म्हणाली. "पण तुमच्या बसमध्ये कशी आली? आई कुठे जातच नव्हती."

कारकुनाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अरे ए, टाकेवाल्या मावशींची मुलगी आलीय!"

आई जाऊन तीन आठवडे झाले होते. शनिवारी छातीत दुखायला लागलं आणि रविवारी शहरातल्या इस्पितळात सगळं संपलं. तेव्हापासून ती मामाकडेच होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगत होती, की शेवटची दोन वर्षं तरी आईला सुखाची गेली. चाळीस वर्षं शिलाईच्या दुकानावरच्या एका खोलीत काढली, पण शेवटी शहराबाहेर का होईना, तीन खोल्या मिळाल्या, गच्ची मिळाली, पश्चिमेची भलीमोठी खिडकी मिळाली. शहरात तेवढ्या किमतीत नुसती मोरी आली असती. लोक मान हलवत, "भाग्यवान हो," म्हणत. त्या वाक्याला धरून ती उभी होती.

कंडक्टर हातात चहाचा ग्लास घेऊन आला. पन्नाशीचा, ढेरपोट्या.

"कुठे दडवलंत मावशींना? तीन आठवडे खिडकीची जागा धरून ठेवतोय. लोक शिव्या घालतात मला."

"आई गेली," ती म्हणाली.

त्याने ग्लास काउंटरवर ठेवला. थोडा चहा रजिस्टरवर सांडला, तो कारकुनाने बाहीने पुसला.

"शुक्रवारी उतरताना म्हणाल्या होत्या, आज जरा दमले रे," कंडक्टर म्हणाला. "पिशवी राहिली ते पुढच्या थांब्यावर दिसलं. म्हटलं, सोमवारी येतीलच."

"सोमवारी?"

"म्हणजे, रोजच की. सकाळची सात-चाळीस. संध्याकाळी पाच-वीसची परत. बाजाराशी उतरायच्या, त्या जुन्या शिलाईच्या दुकानात. जाता-येता हातशिलाई बसमध्येच चालायची. अर्ध्या बसची बटणं त्यांनी लावलीत. हे बघा." त्याने खाकी सदऱ्याचा खिसा उलटा करून दाखवला. बारीक, दुहेरी टाके. "दोन वर्षं झाली, एक नाणं पडलं नाही यातून."

तिने ते टाके पाहिले. ओळखायला वेळ लागला नाही.

रोज दुपारी एक वाजता ती ऑफिसातून फोन करायची. मागे मशीनची घरघर ऐकू यायची. "काय शिवतेयस?" विचारलं की आई म्हणे, "अगं, तुझे पडदेच." घरातलं मशीन मात्र कायम झाकलेलं असे आणि झाकणावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. तिला वाटायचं, आई किती नीटनेटकी, रोज काम आवरून ठेवते. पडदे दोन वर्षांत झाले नाहीत. "शिंप्याच्या घरी पडदे नाहीत म्हणतील लोक," असं ती चिडवायची, तर आई म्हणे, "बघायला कोण येतंय इथे?"

"मला का नाही सांगितलं तिने?"

कंडक्टरने कारकुनाकडे पाहिलं. कारकून रजिस्टरची ओली कड फुंकत होता.

"मी विचारलं होतं एकदा," कंडक्टर म्हणाला. "म्हणाल्या, घर झकास आहे रे. पण दिवसभर भिंतींशी काय बोलू? आणि तिला सांगू नकोस, पोरीने हौसेने घेतलंय."

तिने डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग सही केली.

आज तीनची बस त्याच्याकडे होती. त्याने तिला डाव्या बाजूची तिसरी खिडकी दिली आणि तिकीट फाडलं नाही. तिने पैसे पुढे केले, तर तो दुसऱ्या प्रवाशाकडे वळला.

पिशवीत खडू होता, सुयांची उशी होती, आणि कुणा परक्या माणसाचा एका बाहीचा शर्ट. शहर संपलं, मग गोदामं, मग नुसते उंच खांब. ती स्वतः सकाळी सहा-पन्नासला घर सोडायची आणि रात्री पावणेआठला परतायची. आई सात-चाळीसला निघायची आणि तिच्या आधी अर्धा तास पोचायची. दिवा लावायची, कुकर चढवायची, घरचे कपडे घालून दार उघडायची. "दमलीस गं," म्हणायची. रविवारी दोघी मामाकडे जात, कारण इतक्या लांब यायला कुणी तयार नसे.

तिने बोटांवर वार मोजले, थांबली, पुन्हा पहिल्या बोटापासून मोजले. त्या घरात दिवसाउजेडी कोण असायचं, ते कोणत्याच बोटावर येईना.

घराच्या वळणावर उतरली तेव्हा पाच वाजायचे होते. कामाच्या दिवशी या वेळी ती इथे कधीच आली नव्हती. गल्लीत ऊन पसरलं होतं. पश्चिमेच्या खिडकीतून ते सरळ आत गेलं होतं, आणि फाटकातूनसुद्धा आतली समोरची भिंत उजळलेली दिसत होती. एजंटने सांगितलं होतं अगदी तसंच. या उन्हासाठीच तर तिने हे घर पसंत केलं होतं.

तिने किल्ली काढली. समोरच्या गच्चीवर एक बाई कपडे काढत होती. दोन महिन्यांपूर्वी त्या घरासमोर सामानाचा टेम्पो उभा होता, एवढंच तिला ठाऊक होतं. बाई कठड्याशी आली.

"कोणाकडे आलात हो?"

तिने किल्ली मुठीत मिटली.

"नाही, म्हटलं, उगाच हाका मारत बसाल," बाई आपुलकीच्या आवाजात म्हणाली. "तिथे कोणी राहत नाही. आम्ही आल्यापासून बघतेय, दिवसा चिटपाखरू नसतं. बघा ना, साधे पडदेसुद्धा नाहीत."

किल्ली तिच्या मुठीत रुतली होती. तिने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"हो का," ती म्हणाली. "मी घर बघायला आलेय."