मी मुशीत जाणार नाही

मी एक जुना चांदीचा डॉलर आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला वितळवायला निघालेले बरेच जण आता स्वतःच मातीत आहेत.

नेवाडातल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीत माझा जन्म झाला. एका अंगाला मुकुट घातलेली बाई, दुसऱ्या अंगाला पंख पसरलेला गरुड. माझी कोट्यवधी भावंडं पुढे सरकारनेच वितळवली. तेव्हा मी कुठल्याही तिजोरीत नव्हतो, खाणकामगारांच्या खिशांतून हिंडत होतो, म्हणून वाचलो.

हिंडता हिंडता मी मोंटानातल्या ब्यूट गावी, आर्वो कोसोनेन नावाच्या फिनिश कामगाराकडे आलो. एके दिवशी त्याच्या तांब्याच्या खाणीत आग लागली. खाली माणसं अडकली. त्यांना सोडवायला खाणीत उतरणाऱ्या लोखंडी पाळण्यात एकाचीच जागा उरली होती आणि आर्वो व त्याचा शेजारी मायलो, दोघेही मीच जाणार म्हणून हटून बसले.

"तुला दोन पोरं आहेत, गाढवा! घरी जा," आर्वो ओरडला.

"आणि तुझं परवाच लग्न झालंय, ते?"

भांडायला वेळ नव्हता. आर्वोने मला हवेत उडवलं. बाई वर आली. ती त्याची बाजू होती. मला खिशात टाकून तो उतरला आणि दोघांना जिवंत घेऊन वर आला. त्या धुरात मी काळाठिक्कर पडलो.

पुढे छातीच्या दुखण्याने आर्वो गेला. त्याची बायको विल्मा दर नाताळला मला खाण्याच्या सोड्याने घासून लख्ख करी. तिची ती माया होती. माझ्या अंगावर मात्र प्रत्येक वेळी नवे ओरखडे उठत.

मग एका हिवाळ्यात चांदीचा भाव असा भडकला, की लोक घरातले चांदीचे काटे-चमचेसुद्धा घेऊन हॉटेलच्या दिवाणखान्यात बसलेल्या चांदीच्या व्यापाऱ्यापुढे रांगा लावू लागले. विल्माचं छप्पर गळत होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मुलगा एइनो तिला तिथे घेऊन गेला. चमचे तराजूत चढले.

"आई, तो डॉलरही घाल. उद्या भाव पडला तर बसशील हात चोळत," एइनो म्हणाला.

व्यापाऱ्याने मला वितळवायच्या चांदीच्या बादलीत फेकलं. शेजारच्या टेबलावर गावातली नाण्यांची दुकानदारीण डेल्फीन रूर्क बसली होती. तिने मला चटकन उचललं, तेही कडेने, तोंडावर बोट उमटू न देता.

"अहो, हे भंगार नाही! गरुडाखालची अक्षरं बघा, कार्सन सिटीची आहेत, दुर्मीळ आहे हा."

"वितळल्यावर अक्षरं कोण वाचतो, बाई?" व्यापारी हसला.

डेल्फीनने मला भिंगाखाली धरलं आणि तिचा चेहरा उतरला. "विल्माताई, हा कुणी घासला?"

"मी. सोड्याने."

"या बाईच्या केसांच्या सगळ्या रेघा गेल्या हो. न घासता ठेवला असतात, तर अख्खं छप्पर झालं असतं. आता चांदीपेक्षा थोडे जास्त देईन, बस."

विल्माचे कान लाल झाले. एइनो पुटपुटला, "मग काय राहिलं यात? देऊन टाक."

"काय राहिलं?" विल्माचा आवाज चढला. "हा खिशात घेऊन तुझा बाप आगीत उतरला. घासला मी, चुकलं माझं. पण याला मुशीत घालणारा अजून जन्माला यायचाय! चमचे घ्या. हा द्या इकडे."

तिने मला मुठीत आवळलं आणि ती चालू लागली. चमच्यांच्या पैशांत छप्पर अर्धंच झालं. उरलेल्या अर्ध्याखाली तिने पातेली मांडली. मार्चमध्ये भाव धाडकन कोसळला. बर्फ वितळल्यावर एक दिवस एइनो शिडी घेऊन आला, वर चढला आणि त्याने उरलेलं छप्पर स्वतः ठोकून बसवलं. खाली उतरून त्याने हात धुतले, पुसले आणि तो म्हणाला, "आई, दाखव ना एकदा तो डॉलर." त्याने मला बापाच्या खांद्याला धरावं तसं हळूच कडेने धरलं.

मित्रांनो, जुनं नाणं हाती आलं तर घासू नका. त्याचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, ते त्याचं वय आहे. विकायचं असेल तर खुशाल विका, पण आधी जाणकाराला दाखवा. माझं म्हणाल, तर हौशी लोकांच्या संग्रहात मला मानाची जागा नाही. नसू दे. ज्याला नुसती चांदीच हवी, त्याने खाणीत उतरावं आणि खणून काढावी. मला हात लावू नये.