शेंग्याच्या बरगड्या

आमच्या शिंगणापुरात घराला दार न्हाई. चोराची भीती न्हाई ते ठीक, पन कुत्रं कोंडायची सोय न्हाई. एवढं ध्यानात ठेवा, म्हंजी मी त्या वर्षी अख्ख्या गावाशी का भांडले ते कळंल.

शेंग्या आमच्याकडं आला साहेब लोकांनी देश सोडला त्या साली. नगरच्या छावनीत एका मेमसाहेबाची कुत्री शांतवन नावाचा ख्रिस्ती मानूस सांभाळायचा. आमचे मालक नगरला पेंड आनायला जायचे, तितं दोघांची वळख. मेमसाहेब बोटीनं गेली आन् पिल्लं मागं राहिली. त्यातलं एक शांतवनभावजींनी ह्यांच्या पिशवीत घातलं. काळं कुळकुळीत, अंग लांब, पाय हे एवढुसे! भुईमुगाच्या शेंगंवानी दिसलं, म्हनून मी त्याला शेंग्या म्हनले.

रंग बगून ह्यांनी हातच जोडले. त्याला कारन हाय. आमची दोन लेकरं गेली. धाकटी पोर तर दुष्काळात वाळत वाळत गेली. शेवटी शेवटी तिच्या बरगड्या लांबून दिसायच्या. आपल्याला साडेसाती लागलीया, हे मालकांच्या डोक्यात पक्कं बसलं. शनवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली भाकर घातली की शनी शांत हुतो, असं आमच्याकडं मानत्यात. ह्यांनी नेमच धरला. शनवारी शेंग्यानं खायचं, ह्यांनी दिवसभर उपाशी ऱ्हायचं. मी म्हनले, चला, कुत्र्याची तरी चैन हाय.

वरीस उलटलं तरी शेंग्या काय उंच हुईना. गावाला त्याची कोन काळजी! शेजारची चांगुणाकाकू रोज यायची, कमरंवर हात ठिवून बगायची आन् म्हनायची, "मनकर्णे, खुरटलं की गं हे! खायला घालतीस का न्हाई?"

मला लई लागायचं ते. आधीच लेकरं गेलेली बाई मी. मी ताक-भाकर वाढवली. काकूनं गूळ दिला, कोनी दूध दिलं. दारं न्हाईत, त्यामुळं शेंग्या ह्या घरातनं त्या घरात. शनवारी देवाला आलेले परगावचे लोकबी काळं कुत्रं हुडकतच यायचे. मग काय, उंची जागच्या जागी आन् रुंदी वाढाय लागली. घराला दार नसलं तरी उंबरा हाय. तो वलांडताना शेंग्याचं पोट घासाय लागलं. आमी हसायचो. शेटजी आले, शेटजी आले!

एक दिस शांतवनभावजी आमच्याकडं आले. शेंग्या त्यांना बगून उठला, पन मागचं अंग त्याला उचलंना. उंबऱ्याशी येऊन कुईं केलं आन् तितंच बसला. भावजींचा चेहराच उतरला.

"वहिनी, हे काय करून ठेवलंत?"

"म्या काय केलं? वाढतच न्हाई तो!"

"अहो, ही जातच एवढी. याची आई उभी राहिली तरी माणसाच्या गुडघ्याला लागत नव्हती. वाढायचा तेवढा तो केव्हाच वाढला. आता वाढते ती सगळी चरबी." त्यांनी शेंग्याच्या कुशीकडं बोट दाखवलं. "इथं हात लावा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसता कामा नयेत. लागतात का?"

मी चाचपलं. सगळी नुसती गादी.

"लांब पाठीचं कुत्रं आहे. हे ओझं त्याच्या कण्याला झेपत नाही. असंच चाललं तर मागचे पाय कायमचे जातील. मग हा जगायचा नाही, वहिनी."

तिसरं न्हाई जाऊ द्यायचं, मी मनात म्हनले.

दुसऱ्या दिसापास्नं मी कंबर कसली. शेंग्याला मूठभर खायला, वर सकाळ-संध्याकाळ बांधावरनं हळूहळू चालवायचं. घरोघर जाऊन सांगितलं, खबरदार कुनी घास टाकला तर! चांगुणाकाकू फुगून बसली. आन् शनवारचे लोक? ते तर अंगावरच आले. "बाई, शनीच्या नावाचा घास अडवतीस?" बांधून ठिवला तर थेट घरात येऊन घालायचे. दारच न्हाई, अडवू कशानं?

मग मी चुलीतली राख चाळली आन् शनवारी सकाळी शेंग्याला नाकापास्नं शेपटीपतोर चोळली. झालं, काळं कुत्रं पांढरं! लोक यायचे, बगायचे, पुढं जायचे. मी उंबऱ्यावर बसून गालातल्या गालात हसायची.

पन शेंग्या काय उतरंना. पोट तेवढंच, पाय वढनं तेच. मी चक्रावले. एका शनवारी शेन टाकायला गोठ्यामागं गेले, तर मालक तितं उकिडवे बसलेले. धोतराच्या सोग्यानं शेंग्याच्या डोक्यावरची राख पुसत हुते. त्याला काळं करत हुते! फुड्यात तेलाची भाकर.

माजं टाळकंच सरकलं. "अवं, लाज न्हाई वाटत? मारायचाय का त्याला?"

त्यांनी वर बगितलं न्हाई. "मनकर्णे, लेकरं गेली. नेम मोडला आन् आता तू गेलीस तर मी काय करू?"

मला वाटलं हुतं, मानूस हट्टी हाय. ते माज्यासाठी भेत हुते, हे मला ठावंच नव्हतं. माजा राग पाक गळाला. मी त्यांच्याजवळ बसले.

"मी जायची न्हाई कुटं. ह्याला हात लावा हितं. बरगडी लागती का?"

"नको. बरगड्या नको," ते म्हनले आन् हात मागं घेतला. "पोरीच्या दिसत हुत्या."

"दिसू द्यायच्याच न्हाईत. नुसत्या हाताला लागाय पायजेत. मी हाय की बगायला."

मग ती भाकर त्यांनी बैलाफुड्यात टाकली. फुडच्या शनवारी सकाळी बगते तर मालक चुलीपाशी, राख चाळत बसलेले.

सुगी सरता सरता शेंग्या उतरला. एका शनवारी त्यानं उंबरा वलांडला, पोट न टेकवता, टुनकन. मालक वसरीवर हुते. त्यांनी त्याला जवळ वढला, डोळे मिटले आन् राखंच्या अंगावरनं हात फिरवला. हात मधीच थांबला.

"लागल्या गं," ते म्हनले. मग डोळे उघडून बगितलं. "आन् दिसत न्हाईत."

त्यांच्या डोळ्याला धार लागली हुती. मी आत गेले आन् दोन ताटं वाढली. त्या शनवारी ते माज्यासंगं जेवले.