दुपारची धार

गाळणीत अडकलेला पांढरा तुकडा मी आधी सायीचा समजले. सकाळच्या गर्दीत गोरक्षभाऊजींचा कॅन ओतला, गाळणी झटकली, तुकडा ओट्यावर पडला आणि मी पुढचा कॅन घेतला. सगळे गेल्यावर ओटा धुवायला कढत पाणी ओतलं, तरी तो होता तसाच. नखाने ओढला तर ताणायचा, सोडला की आखडायचा. दुधातून असली वस्तू निघाली की माझं डोकं फिरतं. ते फिरायला फार काही लागत नाही, हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक आहे.

पुणतांब्याजवळ आमच्या वस्तीवरचं दूध संकलन केंद्र मी चालवते. माझ्या मालकांनी, वैजनाथांनी, ते सुरू केलं होतं. ते गेल्यावर लोक म्हणाले, बाईच्या हातून हे निभायचं नाही. मी तोंड बंद ठेवलं आणि केंद्र चालवून दाखवलं. पण दुधाचा धंदा विश्वासावर चालतो. पलीकडच्या गावात एकाच्या दुधात भेसळ सापडली, तर सगळ्या गावाचं दूध बंद झालं आणि केंद्राला कुलूप लागलं. आता माझ्या केंद्रावर ती पाळी आणणारा कोण, तर माझा सख्खा दीर?

संशय तसा मनात आधीच होता. शेजारच्या पुंजारामने माझे कान भरले होते. गोरक्षच्या गोठ्यात धारा काढायचं मशीन भर दुपारी चालतं, असं तो म्हणाला. पुंजारामला उद्योग नाही म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मात्र दुपारी कुंपणापाशी थांबून ऐकलं, तर खरंच मशीन धडधडत होतं. गाई तर बाहेर लिंबाखाली रवंथ करत बसलेल्या. मग आत धार कुणाची निघत होती? जाऊबाईंना, स्नेहलला, विचारलं तर ती नजर चुकवून म्हणाली, त्यांनाच विचारा. भाऊजी म्हणाले, सर्व्हिसिंग चाललंय. रोज कसलं सर्व्हिसिंग? कुरिअरने आलेले डबेही मी पाहिले होते. माझी चाहूल लागताच त्यांनी ते गोणपाटाखाली सरकवले. पावडर कालवून, तेल घोटून दूध 'बनवतात', हे आपण ऐकतोच की.

त्या दुपारी मी तो तुकडा पदराच्या गाठीत बांधला आणि थेट गोठ्यामागच्या खोलीशी गेले. आत मशीन चालूच होतं. दार लोटलं.

भाऊजींच्या हातात रबरी मोजे होते. शेजारी वजनकाटा आणि तेच डबे. धारेची बादली मशीनला जोडलेली आणि तिच्या पारदर्शक झाकणातून आत ठेवलेला प्लॅस्टिकचा ग्लास दिसत होता. ग्लासात पांढरं काहीतरी फुगून वर येत होतं. दुधाला ऊत यावा तसं, पण खाली जाळ नव्हता.

"भाऊजी, घरात बसून दूध बनवताय व्हय?"

त्यांचा चेहरा उतरला. मशीन बंद करून ते फळीकडे गेले आणि वरचं फडकं ओढलं.

खाली टेम्पो होता. हातभर लांबीचा, निळ्या केबिनचा. डावीकडचा बंपर चेपलेला, आरसा सुतळीने बांधलेला. माझ्या मालकांचाच टेम्पो, लहान करून केलेला. खरा टेम्पो हे गेल्यावर मी विकून टाकला होता, कारण दारात उभा दिसला की मला घास जात नसे. चाकं आणि मागचे दुधाचे इवलेसे कॅन अजून रंगाविना पांढरे होते.

मग भाऊजींनी सगळं सांगितलं. आधी एक चाक हाताने कोरायचं, त्यावर पातळ रबर ओतून साचा करायचा, मग साच्यात रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारं पातळ प्लॅस्टिक, ओतलं की हवी तेवढी चाकं निघतात. रबरात हवा राहिली तर साच्याला भोकं पडतात. मोबाईलवरच्या व्हिडिओत हे शिकवणाऱ्या माणसाकडे हवा ओढायला पंप होता, भाऊजींकडे तशीच हवा ओढणारं धारेचं मशीन.

"तुमी टेम्पो इकला तवा मला लई लागलं हुतं, वैनी," ते म्हणाले. "बोललो न्हाई. म्हनलं, ह्यो तरी केंद्रावर ऱ्हाईल."

मला रडू आवरेना. त्या बोटभर आरशाची सुतळीसुद्धा त्यांनी तशीच बांधली होती. पण डोळे पुसताना पदराची गाठ हाताला लागली आणि मी बादलीचं झाकण उचलून उलटं केलं. कडेला पांढऱ्या रबराचा ओघळ चिकटून वाळला होता. त्याचा एक लचका तुटलेला होता. गाठीतला तुकडा तिथे लावला तर नेमका बसला.

"ह्याच बादलीत धार काढता?"

ते म्हणाले, ग्लास वेगळा असतो, दुधाला काही लागत नाही. काल तेवढं उतू गेलं, पण बादली गरम पाण्याने धुतली होती. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी गाळलंय की. कुनाला कळनार न्हाई."

मला त्यांची चीड आली आणि माझीही. कारण झाकण उलटं केलं तेव्हा हेच माझ्याही मनात येऊन गेलं होतं. केंद्राच्या थंड टाकीत अख्ख्या वस्तीचं दूध होतं, संध्याकाळी टँकर येणार होता आणि तो तुकडा फक्त माझ्याजवळ होता.

मी डेअरीच्या सुपरवायझरला फोन लावला. आज टँकर पाठवू नका, दुधात रबर सापडलंय, टाकी ओतून देते, असं सांगितलं. टाकीत किती दूध आहे, ते त्याने विचारून घेतलं. मग म्हणाला, असं असेल तर केंद्राची चौकशी लागेल, आणि दूध कुणाचं ते सांगा.

"आमच्या घरचं," मी म्हणाले.

घरचं म्हणजे नेमकं कुणाचं, त्याने विचारलं. मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी मोजे काढले आणि फोन माझ्या हातातून घेतला.

"माझं हाय सायेब. गोरक्ष. नाव लिवा."

संध्याकाळी लोक कॅन घेऊन आले तेव्हा टाकीचा नळ उघडा होता आणि दूध नालीकडे चाललं होतं. पुंजाराम सगळ्यात पुढे होता. ओट्यावर भाऊजी उभे होते आणि काय झालं ते त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. टेम्पो मी त्यांच्या शेजारी ठेवला होता, बिनरंगाच्या चाकांवर.