दोन पंख्यांचं कार्ड

माझ्या साडूला गाडी शिकवण्यापलीकडे काही येत नाही, हे मी त्याच्या तोंडावरही सांगेन. त्याची ड्रायव्हिंग स्कूल आहे. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसतो आणि संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटरवर दोन बोटांनी बिलं करतो. दोन म्हणजे दोनच, एक उजवं, एक डावं. अशा माणसाने एके दिवशी आपल्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि नात्यागोत्यात डंका पिटला की आता सगळं पळतं. बिलं पळतात, ईमेल पळते, टायपिंगसुद्धा पळतं.

पळेना का. माझ्या पोटात दुखायचं काही कारण नव्हतं. पण कार्डापाठोपाठ माझे सासरेही तिकडे पळाले.

सासऱ्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. ते जनावरांचे डॉक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनात आलं की आपल्या आठवणींचं पुस्तक करावं. ते सांगणार आणि कोणीतरी टाइप करणार. कोणीतरी म्हणजे अर्थातच मी. मी एका प्रकाशनाची मुद्रितं तपासतो, काम घरूनच करतो, आणि माझं टायपिंग दहा बोटांचं आहे. माझे वडील मला कळायला लागायच्या आधीच गेले. दुपारी एक वडीलधारा माणूस समोर खुर्ची ओढून बसतो, चष्मा पुसतो आणि 'हं, कुठे होतो आपण?' म्हणतो, याचं मला किती अप्रूप होतं ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. वर्षभर नाना माझ्याकडे येत होते. मग साडूकडे कार्ड आलं आणि नानांची पावलं तिकडे वळली.

मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, तेव्हा नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काही नाही हो, तुमचं यंत्र जरा हळू आहे. त्यांच्याकडे भराभर होतं."

बायकोने आणखी एक बातमी आणली. तिकडे म्हणे तीन प्रकरणं झालीसुद्धा, आणि नाना आता रात्री जेवतानाही खुशीत असतात. माझ्याकडे वर्षभरात पहिलं प्रकरण पुरं व्हायचं होतं. मला त्या रात्री घास गेला नाही. तीन प्रकरणं, आणि तीही दोन बोटांनी!

दुसऱ्याच दिवशी मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी आधी विचारलं, कॉम्प्युटरवर करता काय? मी म्हटलं, टायपिंग, ईमेल, मुद्रितं वाचणं. मग कार्ड कशाला घेता, त्या म्हणाल्या. खेळ खेळत असाल, व्हिडिओ जोडत असाल, इमारतींचे आराखडे करत असाल तर गोष्ट वेगळी. तुमच्या कामाला आहे ते पुष्कळ झालं, फारच रखडत असेल तर जुनी हार्ड डिस्क बदलून घ्या. गिऱ्हाईकाला परत पाठवणारं दुकान मी पहिल्यांदाच बघत होतो. पण मी काही ऐकायला गेलो नव्हतो. साडूच्या कार्डाला एक पंखा आहे हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, मला दोन पंख्यांचं द्या.

ते एवढं लांबलचक निघालं की जुन्या कॅबिनेटमध्ये मावेना, म्हणून कॅबिनेटही नवं घ्यावं लागलं. बसवून देताना बाईंनी एक गोष्ट बजावली. मॉनिटरची वायर आता खाली, कार्डाच्या सॉकेटमध्ये लावायची. बरेच लोक सवयीने वरच्या जुन्याच सॉकेटमध्ये लावतात, मग चित्र तर दिसतं, पण कार्ड आत नुसतं झोपून राहतं. आणि लोक महिनोन्‌महिने सांगत फिरतात की केवढा फरक पडला!

घरी आल्यावर बायकोने दोन्ही पंख्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी तिला म्हटलं, तू यात पडू नकोस.

खरं सांगायचं तर काडीचा फरक पडला नाही. फाइल तेवढ्याच वेळात उघडत होती. ईमेल तेवढ्याच वेळात जात होती. कर्सर पूर्वी लुकलुकायचा तसाच लुकलुकत होता, फक्त आता त्याला वारा घालायला दोन पंखे होते. तरी मी नानांना फोन केला आणि म्हटलं, या, आता आपलंही पळतं.

नाना आले. चष्मा पुसला. मी दहाही बोटं तयार ठेवली.

"घोडी दारात उभी होती," नाना म्हणाले.

ही घोडी आमच्या जुन्या ओळखीची, पहिल्या प्रकरणातली. मी विचारलं, कुठल्या दारात? दवाखान्याच्या. मग 'दवाखान्याच्या दारात' म्हणू या, वाचकाला कळायला हवं. बरं, नाना म्हणाले, तर दवाखान्याच्या दारात घोडी उभी होती, सोबत कोणी नव्हतं. मी म्हटलं, 'एकटीच' घातलं तर 'सोबत कोणी नव्हतं' हे सगळं गाळता येईल. नानांनी मान हलवली. मी वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं की घोडीचा रंग इथेच सांगायचा की पुढे. नाना म्हणाले की रंग आता आठवत नाही. चहा झाला. वाक्य मात्र देखणं झालं होतं.

जाताना ते चपला घालत म्हणाले, "तुमचं यंत्र अजून जरा हळूच आहे हो."

त्या रविवारी मी बायकोबरोबर साडूकडे गेलो ते डोक्यात राख घालूनच. त्याच्याकडे असं काय आहे ते मला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. नाना तिथेच होते, साडूच्या खुर्चीशेजारी, आणि अगदी रंगात आले होते. साडू जीभ बाहेर काढून एकेक अक्षर शोधत होता. पडद्यावर इतक्या चुका होत्या की माझे डोळे दुखायला लागले. माझी मेहुणी, साडूची बायको, दारात उभी राहून ऐकत होती, तिच्या हातातलं काम तसंच राहिलं होतं.

मी पेन पडल्याचं निमित्त केलं आणि टेबलामागे वाकलो. वायर वरच्या सॉकेटमध्ये होती. कार्डाच्या सॉकेटवरची काळी टोपणंसुद्धा कोणी काढली नव्हती. मला इतका आनंद झाला की उठताना टेबलाला डोकं आपटलं तेही लागलं नाही.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "साडूबुवा, तुमचं कार्ड एक दिवसही चाललेलं नाही. वायर जुन्याच जागी आहे. इतके महिने तुमचा कॉम्प्युटर होता तसाच आहे."

साडूचं तोंड पडेल, म्हणून मी बघत राहिलो. तो उठला, मागे वाकून त्याने पाहिलं आणि पोट धरून हसत सुटला. म्हणाला, म्हणजे मी नुसता पंखाच बसवला की! मेहुणीही हसली. नाना हसले नाहीत. साडूला लाज वाटत नाही याचा मला इतका राग आला की मी आणखी पुढे गेलो. म्हटलं, उलट आता माझं यंत्र याच्यापेक्षा वेगवान आहे, दुकानातल्या बाईंना विचारा हवं तर. इथे भराभर होतं ते कशामुळे मग? आं?

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मेहुणी पदराशी चाळा करू लागली. साडू पुन्हा खुर्चीत बसला आणि कीबोर्डवर कुठलंतरी अक्षर शोधू लागला. बायकोने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की उत्तर तिला ठाऊक आहे आणि बऱ्याच दिवसांपासून ठाऊक आहे.

नानांनी चष्मा काढला. जावयाला असं काही सांगणं त्यांना जड जात होतं. म्हणूनच ते इतके दिवस सगळं यंत्रावर ढकलत आले होते.

"तुमच्याकडे घोडी दारातच उभी राहते हो," ते म्हणाले.

साडूने माझ्यासाठी स्टूल सरकवलं, पण मी त्याच्या खुर्चीमागेच उभा राहिलो. नाना म्हणाले, "हं, कुठे होतो आपण?" ते वाक्य माझं होतं, आणि ते आता साडूला विचारलं जात होतं. मग कोणी काही म्हणायच्या आत, बहुधा माझ्यासाठीच, नानांनी घोडीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. ती तिकडे आधीच लिहून झाली होती. तरी साडू मुकाट्याने पुन्हा लिहायला लागला.

घोडी एकटीच आली होती. महिन्यापूर्वी नानांनी तिच्या पुढच्या पायातला खिळा काढला होता. आता मागच्या पायात काच गेली होती, म्हणून ती मालकाला न सांगता आपणच चालत आली आणि दारात पाय वर धरून उभी राहिली. नानांची नोकरी नवी होती. त्या आठवड्यात त्यांच्या हातून दोन जनावरं दगावली होती, आणि त्याच सकाळी त्यांनी ठरवलं होतं की हे काम सोडून द्यायचं. ते घोडीचा पाय मांडीवर घेऊन बसले. काच निघाल्यावरही ती बराच वेळ गेली नाही. नाना म्हणाले की त्या वेळात त्यांचा विचार बदलला.

साडूने 'काच' चुकीचं लिहिलं होतं. मला ते दिसत होतं. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

नाना थांबले तेव्हा साडू अजून मागच्या वाक्यात होता, आणि ते त्याची वाट बघत त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते. गोष्ट मला कळली, त्याचा आनंदही झाला. पण तो हात माझ्या खांद्यावर असायला हवा होता, असंच मला वाटत होतं.