सुरगाठ

"मी काय बैल आहे का, दाव्यानं बांधायला?"

आमचे हे जन्मात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं बोलले. भर दुपार, रानात चिटपाखरू नाही, आणि आम्ही नवराबायको तारेच्या खांबाखाली भांडतोय. समोर भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, हातात करवत घेऊन उभे. मागे त्यांचे डोंगरातले तीन गडी.

"दादा, बांधून घे रे," भावजी म्हणाले. "खांब आम्ही पाडणारच. तू मोकळा सापडलास तर साहेब तुला जिवंत ठेवेल का?"

"बांधून घेईन. पण तुझ्या हातून नाही. तुला मी खांद्यावर बसवून फिरवलंय."

आता सांगा, काय म्हणावं ह्याला? घर जळायची पाळी आणि ह्यांना थोरलेपणाचा मान हवा!

हा खांब आमच्या गळ्यात कसा पडला ते सांगते. सरकार परकं. लढाई त्यांची, पण गाड्या नेल्या आमच्या. मक्याच्या रानात कापूस लावायला लावला, का, तर त्यांच्या गिरण्यांना हवा. उरलेल्या रानात जो मका आला, त्यातला अर्धा उचलला. माणसं कचेरीवर विचारायला गेली, नुसती विचारायला हो, तर गोळ्या घातल्या. दोघं गेले. त्यातला एक भावजींचा जिवाभावाचा मित्र. त्याच दिवशी भावजी डोंगरात गेले, आणि तारा तुटायला लागल्या. तार शाबूत असली की तिच्यावरून निरोप जाऊन फौज दोन तासांत हजर व्हायची ना, म्हणून. मग सरकारनं एकेका घराला एकेक खांब वाटून दिला. राखा म्हणे. खांब पडला तर राखणाऱ्याला तुरुंग आणि घराला काडी.

घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना घेऊन पळणार कुठे? खांब राखावा तर सख्खा दीर समोर, न राखावा तर सासू आत जळणार. राखणदाराला कुणी बांधून घातलं असेल तरच सरकारचा राग जरा कमी, एवढी एकच फट उरली होती.

"आणा इकडे." मी भावजींच्या हातातलं दावं ओढून घेतलं. "बायकोच्या हातून चालेल ना?"

"तुझ्या हातून तर बांधलेलाच आहे की," हे म्हणाले. अशा वेळी हे सुचतं! गडी खो खो हसले.

बांधावरच्या झाडाला मी ह्यांना बांधलं आणि तिथंच माती खाल्ली. निरगाठ मारायची सोडून सुरगाठ मारली, वासराला मारतो ती. मोकळं टोक ओढलं की सुटली. सवयीनं झालं असं मी सांगते, पण खोटं कशाला बोलू? मुंग्या चावल्या, तहान लागली, तर ह्यांना दातानं ओढून सुटता यावं, असंच मनात होतं.

खांब पडला, तार तुटली, गडी डोंगराकडे पळाले. मी घरी जायचं, तर पाय निघेना. जवळच गवत कापत बसले.

तासाभरात साहेब घोड्यावरून आला. बरोबर एक शिपाई. शिपाई आपल्यातलाच. हाताचे घट्टे बघून कळत होतं, नोकरीआधी नांगर धरलेला गडी. मी धावत जाऊन गळा काढला. रडणं काही खोटं नव्हतं.

"बांधला खरा? की नाटक?" साहेबानं मोडक्या बोलीत विचारलं. "बघ."

शिपाई वाकला. गाठीकडे बघितलं. मोकळं टोक त्यानं दोन बोटांत धरलं. एक झटका, की आम्ही दोघं संपलो. हे डोळे मिटून बसलेले. शिपायानं मान वळवून माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून.

"फार घट्ट आहे, साहेब," तो म्हणाला. "कापावंच लागेल." आणि चाकूनं दावं कापलं. जाताना माझ्याजवळ पुटपुटला, "बाई, पुढच्या वेळी निरगाठ मारा."

सुटलो म्हणता? ऐका तर पुढे. साहेब खूश झाला. चौघांशी झुंजलेला इमानी माणूस म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी भर बाजारात ह्यांच्या छातीवर पितळी बिल्ला लावला. नको म्हणायची सोय नव्हती. हे मान खाली घालून उभे राहिले.

तेव्हापासून गावानं तोंड फिरवलं. हे दाढीला गेले की न्हाव्याच्या वस्तऱ्याला नेमकी धार नसायची. मी विहिरीवर पोचले की बायका अर्ध्या घागरी उचलून चालू लागायच्या. खरं सांगावं तर साहेबाच्या कानावर जाऊन हे फासावर, आणि शेजारी तो शिपाई. गिळलं सगळं. सासूबाई गेल्या तेव्हा खांद्याला चार माणसं मिळेनात. ह्यांनी नि माझ्या भावानं त्यांना हातगाडीवर नेलं. माझ्या सासूला, हातगाडीवर!

चार वर्षांनी साहेबलोक देश सोडून गेले. भावजी डोंगरातून उतरले, गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. वाटलं, आता आमचंही सुटेल. पण डोंगरात बसून गोष्ट वाढली होती. राखणदार अंगावर धावून आला, सख्खा भाऊ, तरी मी त्याला लोळवला, ह्या हातांनी बांधला! लढ्याच्या आठवणीची गावात दरवर्षी सभा भरायची, तिथं भावजी हेच सांगायचे आणि लोक ऊर भरून ऐकायचे.

यंदा सभेच्या दिवशी सकाळीच मी त्यांचं दार वाजवलं.

"भावजी, दावं कुणी बांधलं?"

"तुम्ही, वहिनी."

"मग तेवढं सांगा आज. हे सत्तरीला टेकले. एकदा तरी मान वर करून गावातून चालू दे त्यांना."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आलं नाही असं मी म्हणणार नाही. "वहिनी, इतकी वर्षं एकच सांगत आलोय. आता फिरवलं तर आमचं बाकीचंही लोकांना खोटं वाटेल. जे मेले त्यांचंही. पण दादासाठी आज काहीतरी करतो. शब्द देतो तुम्हाला."

मी घरी आले ती उडतच. ह्यांना धुतलेला सदरा घातला, हट्टानं पुढच्या रांगेत बसवलं.

भावजी बोलायला उभे राहिले. लोळवला, बांधला, सगळं नेहमीचं. मग थांबले. ह्यांच्याकडे हात केला.

"पण शेवटी तो माझा थोरला भाऊ. आज सगळ्या गावासमोर मी माझ्या दादाला माफ करतो!"

मैदान दणाणलं. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. हे गुडघे धरत उठले आणि धाकट्या भावाला हात जोडले.

मी काय केलं विचारता? सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. मीही टाळ्या वाजवल्या.