खिडकीजवळच्या खाटेवरचा पुतळा

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. पण चौकातला नव्हे. माझ्यावर कबुतरं बसत नाहीत. म्हाताऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल शिकवणाऱ्या वर्गात, खिडकीजवळच्या खाटेवर मी पडून असतो. पांढऱ्या केसांचा टोप घातला की मी आजी, काढला की आजोबा.

कारखान्यातून नवा कोरा आलो तेव्हा शिकवणाऱ्या बाईंना माझं कोण कौतुक! "जपून हात लावा गं," म्हणायच्या. नव्याचे नऊ दिवस. पुढे माझी मान सैल झाली, टाचांचं रबर सोलवटलं. मुली मला कुशीवर वळवतात, अंग पुसतात, चादर बदलतात, आणि हे सगळं चालू असताना आपापसात सिनेमाच्या गप्पा मारतात. माझा अगदी संताप होतो. अंगाला हात लावण्याआधी रुग्णाला विचारायचं, हा इथला पहिला धडा. पण पुतळ्याशी कोण बोलणार?

त्यांच्यात एक चष्मेवाली होती. एका वृद्धाश्रमात तिला काम कबूल झालं होतं, पण परीक्षा पास झाली तरच. हात इतका सफाईदार, की चादरीवर एक सुरकुती राहायची नाही. परीक्षेत मात्र ती परीक्षकांकडे बघत म्हणाली, "आता मी रुग्णाला वळवते."

"मला कशाला सांगतेस? आजींना सांग."

माझ्याशी बोलायची तिला लाज वाटली. मैत्रिणी खुदखुदल्या, आणि ती नापास झाली. मी नुसतं "हं" म्हटलं असतं तरी तिची जीभ सुटली असती. पण माझे ओठ कारखान्यातच चिकटलेले! तेव्हा मला स्वतःचाच राग आला.

सुट्टीत तिने अर्धांगवायू झालेल्या वडिलांचं सगळं केलं. फेरपरीक्षेच्या सकाळी ती मैत्रिणीला सांगत होती, "न विचारता वळवायला गेले ना, की बाबा खाटेची कड घट्ट धरून ठेवायचे. विचारून जरा थांबले, की आपणहून सोडायचे."

मग परीक्षकांसमोर ती माझ्यावर वाकली. "आजी, तुम्हाला डाव्या कुशीवर वळवू का?" आणि थांबली.

"आता काय झालं?"

"त्या अजून हो म्हणाल्या नाहीत, सर."

"अगं, पुतळा आहे तो! उरक लवकर."

मागच्या खेपेला बोलली नाही म्हणून नापास, आणि आता उत्तराची वाट बघते म्हणून ओरडा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मी आतल्या आत धुमसत होतो. ती काही हलली नाही. शेवटी परीक्षकच वैतागून म्हणाले, "बरं बाई, म्हणाल्या आजी हो. वळव."

तिने मला वळवलं. इतकं अलगद, की माझी सैल मानसुद्धा डुगडुगली नाही. सरांनी तिला पास केलं, पण 'कामात संथ' असा शेरा मारून.

मित्रांनो, माझ्या वतीने दुसऱ्याने हो म्हटलं, ते चालून गेलं. मी पुतळा आहे. तुमच्या घरात कुणी अंथरुणावर असेल, तर त्यांचं हो तुम्ही म्हणून टाकू नका. विचारा, आणि थांबा. त्यांना हो म्हणता येतं. आणि नाहीसुद्धा.