भिंतीवरचे पब

डेरिक हॅल्सॉलला पबचं वेड होतं. पिण्याचं म्हणाल तर अर्धा ग्लास बिअर त्याला अख्खी दुपार पुरायची. त्याचा जीव अडकायचा तो दाराबाहेरच्या बाटलीहिरव्या टाइल्समध्ये, खिडकीच्या काचेवरच्या कोरीव वेलबुट्टीत आणि गिऱ्हाइकांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेल्या काउंटरमध्ये. इंग्लंडातल्या ओल्डम गावाच्या आसपासचा एकही जुना पब त्याच्या कुंचल्यातून सुटला नव्हता. बायको होती तोवर म्हणायची, "माझं एक तरी चित्र काढलंस का रे?" त्यावर तो कान खाजवायचा.

दर वर्षी लायब्ररीच्या हॉलमध्ये तो प्रदर्शन मांडायचा, आणि दर वर्षी कॉनवे नावाचे गृहस्थ येऊन दोन-तीन चित्रं घासाघीस न करता उचलायचे. असा रसिक मिळायला नशीब लागतं, असं डेरिक ज्याला त्याला सांगत सुटायचा.

यंदा त्याने आपल्याच गल्लीतला 'थ्री हेरन्स' रंगवला होता. सगळ्यांत शेवटी काढायचा म्हणून इतकी वर्षं त्याने तो राखून ठेवला होता. पब बिअर बनवणाऱ्या ब्रुअरीच्या मालकीचा, पण चालवायची ग्लेनिस, आणि राहायचीही वरच्याच मजल्यावर. नवरा तिथंच गेला, पोरी तिथंच वाढल्या. ती आज प्रदर्शनाला ठेवणीतला कोट घालून आली होती आणि चित्रापासून हलायचं नाव घेत नव्हती.

"लिपस्टिक कुणासाठी गं?" डेरिकने छेडलं.

"तुझ्यासाठी तर नक्कीच नाही. माझा पब भिंतीवर लागलाय, मी काय एप्रन बांधून येऊ?" असं म्हणून ती चहा आणायला गेली.

तेवढ्यात कॉनवे आले. डेरिकचा हात हातात घेऊन म्हणाले, "हॅल्सॉल, एकदा आम्ही बांधलेल्या इमारती बघायला या. प्रत्येकीच्या दाराशी तुमचं चित्र लावलंय. इथं आधी काय होतं, ते लोक थांबून बघतात."

"आधी?" डेरिकला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तो 'प्लाऊ' पब तर मी काढला तेव्हा चांगला चालू होता."

"होता ना. तुम्ही काढलात म्हणून तर मला कळला. आमची पोरं नुसती नकाशे बघत बसतात, त्यांना असले कोपरे कुठले सापडायला? मी इथं येतो, पसंत करतो, मग जागा बघून मालकाला गाठतो, विकत घेतो आणि पाडून बांधायला काढतो. तुमचे उपकार आहेत आमच्यावर, खरंच सांगतो."

माणूस मनापासून आभार मानत होता. 'प्लाऊ', 'बेल', 'वीव्हर्स आर्म्स'. एकेक बंद पडला तेव्हा डेरिक हळहळला होता. बरं झालं, आपण वेळेत काढून ठेवला, असंही वर म्हणाला होता. आणि ते सगळे त्यानेच दाखवून दिले होते, चौकटीत घालून, दिवा लावून.

कॉनवे 'थ्री हेरन्स'समोर थांबले. "वा. हा कुठं आहे?"

"कुठंच नाही." स्वतःचाच आवाज डेरिकला परका वाटला. "मनाने काढलाय."

"मनाने?" चहाचा कप घेऊन आलेली ग्लेनिस फणकारली. "जन्म गेला माझा त्या पबमध्ये, आणि म्हणे मनाने. याच्याकडे लक्ष देऊ नका हो. माझाच पब आहे तो."

डेरिकने तिचा दंड धरला. "ग्लेनिस, गप्प बस. पाया पडतो तुझ्या."

तिने हात झटकला. चारचौघांत आपला पबच नाकारला, हे तिला चांगलंच झोंबलं होतं. "हटन स्ट्रीट, चर्चच्या मागे," ती कॉनवेंना म्हणाली. "रविवारी या. पहिला ग्लास माझ्याकडून."

"नक्की येतो," कॉनवे अदबीने म्हणाले. "मागे मोकळी जागा आहे का हो?"

"भरपूर आहे," ग्लेनिस म्हणाली.